शालेय शिक्षण आणि आरोग्य

शालेय शिक्षण आणि आरोग्य यांचा परस्परसंबंध हा लोकसंख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि शिक्षणशास्त्र यांच्या सीमेवरील एक अभ्यासविषय आहे. अधिक वर्षे शाळेत गेलेली माणसे सरासरीने अधिक जगतात आणि त्यांची मुले लहानपणी दगावण्याचे प्रमाण कमी असते, असे जवळजवळ सर्व देशांत आढळून आले आहे. मात्र हा परिणाम शाळेचा, की शाळा आणि आरोग्य ही दोन्ही घरच्या सुस्थितीची फळे, याविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. महाराष्ट्रातील जामखेड, गडचिरोली आणि हेमलकसा येथील कामांमुळे या चर्चेला महत्त्वाची सामग्री मिळाली आहे.

संज्ञेची व्याप्ती

या विषयावरील लेखनात ‘शिक्षण’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी येतो आणि त्यातून बराच गोंधळ होतो. भारतीय जनगणनेत सात वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू व लिहू शकते ती साक्षर गणली जाते. तिने शाळेत पाऊल ठेवलेले असणे आवश्यक नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मात्र शाळेत काढलेली वर्षे मोजते. त्या वर्षांत प्रत्यक्ष किती आत्मसात झाले, ही तिसरीच गोष्ट होय. दहावीपर्यंत जाऊनही औषधाच्या वेष्टनावरील सूचना नीट वाचता न येणारे विद्यार्थी असतात, आणि चौथीत शाळा सोडलेल्या स्त्रिया वर्तमानपत्र अस्खलित वाचताना दिसतात. ‘शिक्षणाने आरोग्य सुधारते’ असे विधान वाचताना त्यातील शिक्षण यांपैकी कोणते, हे पाहावयास हवे.

आढळून आलेला संबंध

एव्हलिन किटागावा आणि फिलिप हाऊझर यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, अमेरिकेतील १९६० च्या मृत्युनोंदींची जनगणनेशी सांगड घालून, कमी शिकलेल्यांत मृत्युदर अधिक असल्याचे दाखविले. त्यानंतर हाच कल अनेक देशांत आढळला. २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ५९ देशांतील अभ्यास एकत्र करणाऱ्या पाहणीनुसार, शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षागणिक प्रौढांमधील मृत्यूची जोखीम सरासरी १.९ टक्क्यांनी कमी असते.

भारतातही चित्र असेच आहे. २००५–०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, किमान दहा वर्षे शिकलेल्या मातांच्या मुलांच्या तुलनेत निरक्षर मातांची मुले वर्षाच्या आत दगावण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. २०१९–२१ च्या सर्वेक्षणात शाळेत न गेलेल्या मातांची ४६ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या मातांच्या बाबतीत हे प्रमाण २६ टक्के होते. बारावी झालेल्या आईच्या घरीही चारांतील एक मूल खुजे असावे, ही गोष्ट या आकड्यांच्या तुलनेत सहसा झाकली जाते.

मातेचे शिक्षण आणि बालमृत्यू

शिक्षणाचा सर्वांत ठळक परिणाम मातेच्या द्वारे तिच्या मुलांवर होतो, असे मानले जाते. या विचाराला चालना देणारा लेख ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातील माहितीच्या आधारे लिहिला. बालमृत्यू कमी असण्याचे कारण पतीचा व्यवसाय व घरची मिळकत यांत पुरेसे सापडत नाही, मातेच्या शिक्षणात अधिक सापडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. शाळेत मिळणारे शरीरशास्त्राचे ज्ञान हे त्यांच्या मते यातील मुख्य कारण नव्हे. शिकलेली स्त्री आजाराला दैवाधीन मानीत नाही, डॉक्टर व परिचारिका यांच्याशी न बिचकता बोलू शकते आणि घरातील निर्णयांत तिचा शब्द चालतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

यातील शेवटचा मुद्दा मराठी वाचकाला सहज उमजण्याजोगा आहे. ताप आलेल्या बाळाला दवाखान्यात न्यावे की अंगारा लावून वाट पाहावी, हे अनेक घरांत आजही सासू किंवा घरातील वडीलधारी माणसे ठरवितात. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापलेल्या सळईने डाग देण्याची प्रथा आहे. ती थांबविण्यासाठी डाग अपायकारक आहे हे सुनेला ठाऊक असून भागत नाही. घरातल्या मोठ्यांपुढे तसे म्हणण्याचे बळही तिच्यापाशी असावे लागते.

रॉबर्ट लेव्हाइन आणि सारा लेव्हाइन यांनी मेक्सिको, व्हेनेझुएला, झांबिया व नेपाळ येथील मातांचा अभ्यास करून २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आणखी एक धागा पुढे आणला. शाळेत मुलीला जे वाचन येते ते प्रौढपणीही टिकते आणि त्यामुळे दवाखान्यातील व आकाशवाणीवरील औपचारिक भाषा तिला अधिक कळते, असे त्यांना दिसून आले. विदर्भात हा मुद्दा विशेष लागू पडतो. गडचिरोलीच्या दक्षिण भागात घरची भाषा माडिया किंवा गोंडी, मेळघाटात कोरकू. दवाखान्याची भाषा मात्र प्रमाण मराठी. शाळा अशा मुलीला प्रथम दवाखान्याची भाषा शिकविते. ‘दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर, पाच दिवस’ ही सूचना समजणे आणि पाळणे यांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

कार्यकारणभावाचा प्रश्न

दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असे सिद्ध होत नाही. सोनालडे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी १९९८ मध्ये २२ विकसनशील देशांतील सर्वेक्षणे तपासली. पतीचे शिक्षण, नळाचे पाणी, शौचालय आणि राहण्याचा प्रदेश या गोष्टी हिशोबात घेतल्यावर अर्भकमृत्यू व मुलांची उंची यांच्यावरील मातेच्या शिक्षणाचा परिणाम बराच क्षीण झाला. लसीकरणावरील परिणाम मात्र सुमारे निम्म्या देशांत टिकून राहिला.

नागपूर आणि गडचिरोली या विदर्भातीलच दोन जिल्ह्यांवरून हा आक्षेप स्पष्ट होतो. २०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८.३९ टक्के, तर गडचिरोलीची ७४.३६ टक्के होती. राज्याची सरासरी ८२.३४ टक्के होती. परंतु हे दोन जिल्हे केवळ साक्षरतेत भिन्न नाहीत. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७ पासून आहे. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हाच मुळी १९८२ मध्ये अस्तित्वात आला. रस्ते, जंगल, हिवताप, रोजगार, पावसाळ्यात तुटणारा संपर्क या सर्व बाबतींत अंतर आहे. त्यांतून शाळेचा वाटा वेगळा काढणे सोपे नाही.

हेमलकसा येथे तर हे दोन्ही धागे एकत्रच विणले गेले. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये भामरागड परिसरात लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना चालविला आणि १९७६ मध्ये त्याच आवारात माडिया मुलांसाठी निवासी शाळा उघडली. तेथील एखाद्या कुटुंबाचे आरोग्य सुधारले असेल, तर त्याचे श्रेय फळ्याला द्यावे की स्टेथॉस्कोपला, हा प्रश्न त्या कुटुंबाच्या दृष्टीने निरर्थक आहे. धोरण ठरविणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो निरर्थक नाही, कारण त्याला मर्यादित पैसा वाटून द्यावयाचा असतो.

कायदे आणि सुधारणांवरून केलेली पारख

हा गुंता सोडविण्यासाठी अर्थशास्त्रज्ञांनी सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यांचा आधार घेतला. कायदा बदलल्यामुळे एखाद्या वर्षी जन्मलेली मुले आदल्या वर्षीच्या मुलांपेक्षा अधिक काळ शाळेत राहतात. त्यांच्या घरची स्थिती मात्र तीच असते. त्यामुळे दोन्ही गटांची तुलना करता येते.

उत्तरे परस्परविरोधी आली. ॲड्रियाना ल्येरास-म्युने यांना २००५ मध्ये अमेरिकेच्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कायद्यांवरून शिक्षणाचा आयुर्मानावर मोठा परिणाम दिसला. पुढील संशोधकांनी त्या निष्कर्षाच्या भक्कमपणाविषयी शंका घेतली. ब्रिटनमध्ये शाळा सोडण्याचे किमान वय १९४७ मध्ये १४ वरून १५ आणि १९७२ मध्ये १५ वरून १६ झाले. डेमन क्लार्क व हेदर रॉयर यांनी २०१३ मध्ये या दोन्ही बदलांचा अभ्यास केला, तेव्हा मुले अधिक शिकल्याचे स्पष्ट दिसले, पण त्यांच्या मृत्युदरात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

गरीब देशांतील पुरावा वेगळ्या दिशेने जातो. झिंबाब्वेमध्ये १९८० च्या स्वातंत्र्यानंतर माध्यमिक शिक्षण कृष्णवर्णीय मुलींना मोठ्या प्रमाणावर खुले झाले. केरन ग्रेपिन व प्रशांत भारद्वाज यांना, त्याचा लाभ मिळण्याच्या वयात असलेल्या मुलींची अपत्ये दगावण्याचे प्रमाण सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. बोट्स्वानात १९९६ च्या शालेय सुधारणेनंतर शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे एचआयव्ही संसर्गाची जोखीम ८.१ टक्के बिंदूंनी घटल्याचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही विसंगती वरवरची असावी. ज्या देशात स्वच्छ पाणी, लसीकरण व मोफत उपचार सर्वांच्या दारी पोहोचले आहेत, तेथे आणखी एका इयत्तेने फारसे काही बदलत नाही. जेथे मृत्यूची मुख्य कारणे अतिसार, न्यूमोनिया, अल्पवयातील बाळंतपण अशी टाळता येण्याजोगी आहेत, तेथे मुलगी शाळेत टिकणे आणि तिचे लग्न काही वर्षे लांबणे यानेच मोठा फरक पडतो. महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्क्यांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाले होते, असे २०१९–२१ च्या सर्वेक्षणात नमूद आहे.

शाळेवाचून आरोग्यशिक्षण: जामखेड आणि गडचिरोली

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत पाठविण्याचा प्रारंभीचा बेत यशस्वी झाला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविण्याचे ठरले. त्यांतील अनेक जणी निरक्षर होत्या, काही दलित समाजातील होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, चित्रे, गाणी आणि प्रत्यक्ष अनुभव यांच्या आधारे शिकत आणि गावी परतून गरोदर स्त्रिया व लहान मुले यांची काळजी घेत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार तेथील अर्भकमृत्यूचा दर १९७१ मध्ये हजारी १७६ होता. १९९० च्या दशकात तो तिशीच्या आत आला. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने हाच विचार काटेकोर चाचणीच्या रूपात मांडला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संस्थेने बालकांच्या न्यूमोनियावर, म्हणजे मराठीत लोक ज्याला ‘डबा’ म्हणतात त्या आजारावर, गावातच उपचार करण्याचा प्रयोग केला. या कामात निरक्षर दायाही होत्या. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे मिनिटातील श्वास मोजावे लागतात. पन्नास-साठपर्यंतची मोजणी त्यांना अवघड जाई. त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले एक साधे श्वासमापक तयार करण्यात आले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी शेवटचा मणी सरकला तर बाळाला धोका आहे असे समजावयाचे. गणित न शिकलेल्या स्त्रीच्या हातात निदानाचे साधन देणारी ही युक्ती शिक्षकांनीही अभ्यासावी अशी आहे.

पुढे १९९३ पासून नवजात बालकांच्या घरोघरच्या काळजीचा प्रयोग झाला. ३९ गावांत आरोग्यदूत नेमले गेले आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. पाचवी ते दहावीच्या दरम्यान शिकलेल्या गावातील स्त्रिया बाळाचे वजन व तापमान घेणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि प्रसंगी प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकल्या. मातांना व आज्यांना बाळाला ऊबदार ठेवण्याविषयी व स्तनपानाविषयी समजावून सांगितले जाई. या गावांतील नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आला. निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ही पद्धत आशा स्वयंसेविकांमार्फत देशभर स्वीकारली गेली.

या दोन्ही प्रयोगांत गावातील मातांचे शालेय शिक्षण काही वर्षांत वाढलेले नव्हते. मृत्युदर तरीही उतरला. मातांची एक पिढी शिकून येईपर्यंत बालकांना वाट पाहावयास लावण्याचे कारण नाही, हे त्यांतून दिसते. शाळा निरुपयोगी आहे असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही. गडचिरोलीतील आरोग्यदूत नोंदी ठेवू शकली ती गावातल्या शाळेमुळेच, आणि आशा स्वयंसेविकेसाठी २००५ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आठवीपर्यंतच्या शिक्षणाची अपेक्षा ठेवली गेली. जामखेडच्या पहिल्या आरोग्यसेविकांपैकी अनेक जणी या अटीत बसल्या नसत्या, ही गोष्टही नोंदण्यासारखी आहे.

शिक्षण वाढूनही न सुटलेले प्रश्न

महाराष्ट्रात दहा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५–१६ मधील ४२ टक्क्यांवरून २०१९–२१ च्या सर्वेक्षणात ५०.४ टक्के झाले. एवढ्या थोड्या काळातील ही वाढ लक्षणीय आहे. याच काळात रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ४८ वरून ५४.२ टक्क्यांवर गेले आणि पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले. सर्वेक्षणातील रक्ततपासणीच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांत मतभेद असले, तरी सुधारणा झाली असे कोणी म्हणत नाही. लोहयुक्त आहाराचा धडा पाठ असणे आणि ताटात शेवटी उरलेले न खाता पुरेसे खावयास मिळणे यांत अंतर आहे. ते अंतर एकटी शाळा भरून काढू शकत नाही.

तंबाखूचे उदाहरण नागपूरकरांना जवळचे आहे. सुपारी, तंबाखू व चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून केलेला खर्रा विदर्भात सर्रास खाल्ला जातो. २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात. धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के आहेत. कमी शिकलेल्यांत हे प्रमाण अधिक असते हे खरे. पण खर्रा शिक्षितांच्या कचेऱ्यांतही पोहोचला आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि २००३ च्या केंद्रीय कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीला मनाई आहे. शंभर यार्ड म्हणजे नव्वद मीटरहून थोडे अधिक; पानठेला त्यापलीकडे असला तरी शाळेच्या फाटकातून दिसतोच.

शाळा: आरोग्याचे ठिकाण

शाळेचा आरोग्यावरील परिणाम केवळ पाठ्यपुस्तकातून होत नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेल्या नयी तालीम योजनेत सफाई, स्वयंपाक व आरोग्य हे नित्याच्या कामाचे भाग होते आणि सेवाग्रामच्या शाळेत ते प्रत्यक्ष चालत. सेवाग्रामलाच १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेल्या अन्नाच्या स्वरूपात विस्तारलेली शालेय पोषण आहार योजना याच दिशेची आहे. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ज्या मुलींना प्राथमिक शाळेत हे जेवण मिळाले, त्यांच्या पुढे झालेल्या मुलांची उंची अधिक चांगली होती, २००६ ते २०१६ या काळात देशातील मुलांच्या उंचीत झालेल्या सुधारणेपैकी १३ ते ३२ टक्के वाटा या जेवणाशी जोडता येतो. येथे लाभ खिचडीचा, पण तो मिळण्यासाठी शाळेत असणे आवश्यक.

शाळा धोक्याचीही जागा होऊ शकते. राज्यातील आदिवासी आश्रमशाळांमधील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंखे समितीने २०१६ मध्ये अहवाल दिला. घरापासून दूर, निवासी शाळेत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत वेळेवर उपचार मिळणे हे सर्वस्वी शाळेच्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

आजारामुळे तुटणारे शिक्षण

संबंधाची दिशा उलटही असते: आजारी मूल शाळेपासून दुरावते. मायकेल क्रेमर व एडवर्ड मिगेल यांनी केनियात केलेल्या प्रयोगात जंतनाशक गोळ्या दिलेल्या शाळांतील गैरहजेरी सुमारे एक-चतुर्थांशाने घटली.

विदर्भात सिकलसेल हे याचे ठळक उदाहरण आहे. हा आनुवंशिक रक्तविकार नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो. या विकारात सांधे व हाडे असह्य दुखतात, रक्तक्षय होतो, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि मुलाला रुग्णालयात दाखल करावे लागते. अशा मुलाची गैरहजेरी मोजताना ‘अनियमित’ असा शेरा हजेरीपटावर पडतो. पुढे त्याने शाळा सोडली, तर कमी शिक्षण आणि खराब आरोग्य ही दोन्ही एकाच व्यक्तीच्या नावावर जमा होतात आणि आकडेवारीत पहिले दुसऱ्याचे कारण भासते.

दुसरीकडे, शाळेतील तपासणीला या विकारात निश्चित उपयोग आहे. सिकलसेलचा वाहक बहुधा निरोगी असतो आणि तपासणीवाचून त्याला आपण वाहक असल्याचे कळत नाही. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच वाहक आणि दुसरा पूर्णपणे निर्दोष असल्यास अपत्य रुग्ण होत नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानात तपासणी व समुपदेशन यांवर भर आहे. तपासणीचा कागद मुलाच्या दप्तरातून घरी जातो, पण त्याचे काम पडते ते आठ-दहा वर्षांनी, लग्न ठरताना. तोवर तो जपून ठेवणे आणि सोयरीक जुळविणाऱ्यांसमोर पत्रिकेबरोबर तोही काढून ठेवणे, हे कुटुंबाच्या हाती असते.